अनईव्हन: नेमका कुठे वापरायचा आणि कुठे बिलकुल नाही

नवीन फ्लॅटचा ताबा घेताना बिल्डरच्या ऑफिसला जी स्नॅग लिस्ट, म्हणजे राहिलेल्या-बिघडलेल्या कामांची यादी, मेल करावी लागते ना, त्यात आपल्याकडचे लोक हमखास “फ्लोअर इज अप-डाउन” असं ठोकून देतात. कळतं सगळ्यांना, साइटवरचा सुपरवायझर बऱ्याचदा आपल्यातलाच असतो त्यामुळे काम काही अडत नाही. पण हेच वाक्य लंडन नाहीतर सिंगापूरच्या घरमालकाला गेलं की तो चक्रावणार, कारण अप-डाउन आपण रोज पुणे-मुंबई ये-जा करण्याला म्हणतो, इंग्लिशमध्ये फरशीला ते लागत नाही. तिथे हवा अनईव्हन. शब्द साधा आहे, शाळेतच कानावर पडलेला असतो, पण घोळ दोन्हीकडून होतो, आधी जिथे हवा तिथे सुचत नाही आणि एकदा सुचला की मग सगळीकडेच चिकटवला जातो, खरखरीत भिंतीला पण अनईव्हन, पिठल्यातल्या गुठळ्यांना पण अनईव्हन, विषम संख्येला पण अनईव्हन.

तर आधी एक चाचणी सांगतो, तेवढी लक्षात राहिली तरी निम्मं काम होतं. ईव्हन म्हणजे मुळात सपाट, एका पातळीतलं. जुन्या इंग्लिशमध्ये हा शब्द एफन असा होता आणि सपाट हाच त्याचा अर्थ, दोनाने भाग जाणारी संख्या वगैरे नंतर आलं. (संध्याकाळच्या ईव्हनिंगचा याच्याशी काही संबंध नाही, ते वेगळ्याच शब्दातून आलंय, उगाच जोडू नका.) मग अनईव्हन म्हणजे काय, तर जे एकसारखं असायला हवं होतं पण नाहीये ते. यातलं “असायला हवं होतं” हेच सगळ्यात महत्त्वाचं. सह्याद्रीला कोणी अनईव्हन म्हणत नाही, रग्ड म्हणतात, हिली म्हणतात, कारण डोंगराने सपाट असावं अशी कोणाची अपेक्षाच नसते. पण त्याच डोंगरावरच्या गडाच्या पायऱ्या मात्र खुशाल अनईव्हन, एक पायरी वीतभर आणि पुढची गुडघ्याएवढी, कारण पायऱ्या म्हटल्यावर त्या सारख्या उंचीच्या असाव्यात असं आपण धरूनच चालतो. शब्द वापरण्याआधी स्वतःला विचारायचं, इथे काय सारखं असायला हवं होतं? उत्तर चटकन आलं तर अनईव्हन चालेल, नाही आलं तर दुसरा शब्द शोधा.

आता परत फरशीकडे, कारण सगळ्यात जास्त वापर तिथेच होतो आणि चुका पण तिथेच. दोन टाइल्सच्या सांध्यावरून नख फिरवा, एका टाइलची कड अडकली म्हणजे ती शेजारणीपेक्षा वर बसलीय. याला धंद्यातला खास शब्द लिपेज असा आहे, पण मेलमध्ये “द टाइल्स आर अनईव्हन निअर द विंडो” एवढं पुरतं. निअर द विंडो हे मात्र लिहाच, नुसतं अनईव्हन म्हटलं की समोरचा माणूस येऊन खोलीभर बघतो आणि “सगळं ठीक आहे साहेब” म्हणून निघून जातो. आता बाथरूम. तिथल्या फरशीला ढाळ दिलेला असतो, पाणी जाळीकडे जावं म्हणून, आणि तो हवाच. ढाळ म्हणजे अनईव्हन नव्हे, त्याला स्लोप म्हणायचं, उतरती फरशी अगदी ईव्हन असू शकते. उलट पाणी जाळीकडे न जाता मध्येच तळं करून बसत असेल तर तिथे फरशी अनईव्हन आहे, किंवा ढाळच चुकलाय, मग “द स्लोप इज राँग” असं सरळ लिहा. टाइल ठोकल्यावर पोकळ वाजते ती तक्रार तिसरीच, तिथे हॉलो. आणि टेबल डुगडुगतं तेव्हा टेबल अनईव्हन नसतं, ते वॉबली असतं, अनईव्हन असते खालची फरशी नाहीतर टेबलाचे पाय. टेबल दुसऱ्या जागी सरकवून बघा, तिथे शांत बसलं तर दोष फरशीचा.

भिंतीचं प्रकरण जरा बारीक आहे. भिंतीवरून हात फिरवल्यावर खरखर लागते ते रफ. हाताला गुळगुळीत लागतंय पण संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा मारला की लाटा लाटा दिसतात ते अनईव्हन, म्हणजे पुट्टी सगळीकडे सारखी ओढलेली नाही. आणि रंग कुठे गडद बसलाय कुठे खालचा पांढरा डोकावतोय, अजून एक हात मारायला हवा होता अशी अवस्था, ती पॅची. तिन्ही तक्रारींची कामं वेगवेगळी, रफ असेल तर पॉलिश पेपर, पॅची असेल तर रंगाचा आणखी एक हात, अनईव्हन असेल तर पुट्टीपासून सुरुवात, म्हणजे खर्च कोणी करायचा हा वाद पण वेगळा. म्हणूनच शब्द नीट निवडायचा, पॅची लिहिलंत तर पेंटर एक हात मारून मोकळा होतो आणि लाटा तशाच राहतात.

पॅची आणि अनईव्हन यातला फरक एकदा पक्का करून घ्या, कारण हे दोन सगळ्यात जास्त अदलाबदल होतात. कुठे आहे आणि कुठे नाहीच, ते पॅची. सगळीकडे आहे पण कुठे कमी कुठे जास्त, ते अनईव्हन. कॉलेजातल्या पोराची दाढी पॅची. गावी गेल्यावर मोबाइलचं नेटवर्क पॅची, ओट्यावर येतं आणि माजघरात गायब होतं. पाऊस दोन्ही असू शकतो. सातारा जिल्हा घ्या, महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात 500 च्या आसपास, तर इथे “द रेनफॉल इज व्हेरी अनईव्हन अक्रॉस द डिस्ट्रिक्ट” हे वाक्य फिट्ट बसतं. पण आज दुपारी कोथरूडला झोडपलं आणि हडपसरला टिपूस नाही, तर तो पॅची रेन. हवामान खात्याच्या इंग्लिश बुलेटिनमध्ये मात्र हे शब्द शोधू नका, त्यांची स्वतःची ठरलेली भाषा आहे, 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर आयसोलेटेड, 26 ते 50 स्कॅटर्ड, 51 ते 75 फेअरली वाइडस्प्रेड आणि त्यापुढे वाइडस्प्रेड. आपण बातमीत “तुरळक ठिकाणी” ऐकतो ते आयसोलेटेड. तुम्ही रिपोर्ट लिहीत असाल तर तेच शब्द ठेवा, मित्राला मेसेज करत असाल तर पॅची म्हणा.

रस्त्याबद्दल बोलायचं तर दोन शब्द शेजारी शेजारी उभे असतात, बम्पी आणि अनईव्हन. अनईव्हन हे रस्त्याचं वर्णन, बम्पी हे तुमच्या कमरेचं. म्हणजे रस्ता बघून जे सांगाल ते अनईव्हन आणि त्यावरून गाडीने गेल्यावर जे सांगाल ते बम्पी. म्हणून फ्लाइट बम्पी असते, अनईव्हन कधीच नसते, हवेत कुठला आलाय रस्ता. आणि खड्डेच खड्डे असतील तर दोन्ही सोडा, पॉटहोल्ड म्हणा, खड्ड्याला खड्डा म्हणायची लाज कशाला. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये लाल त्रिकोणातल्या दोन उंचवट्यांच्या पाटीचं अधिकृत नावच अनईव्हन रोड आहे, आपल्याकडे तशा पाटीला वर्षानुवर्षं हम्प ऑर रफ रोड म्हणत आलेत. म्हणून रफ रोड म्हटलं तर आपल्याकडे चूक नाही, फक्त तिकडे लायसन्सची परीक्षा देणार असाल तर तिथलं नाव पाठ करा.

स्वयंपाकघरात काय होतं बघा. पिठल्यात गुठळ्या झाल्या, लम्पी. तिथे अनईव्हन म्हटलं तर कोणाला काही बोध होणार नाही. पण पोळी एकीकडे जाड एकीकडे पातळ लाटली गेली, ती अनईव्हन, आणि म्हणूनच ती नीट फुगत नाही. भाजी एका बाजूने करपली आणि दुसऱ्या बाजूने कच्ची, तर इथे क्रियाविशेषण लागतं, “इट कुक्ड अनईव्हनली”. हे अनईव्हनली रूप मायक्रोवेव्हच्या माहितीपुस्तकात हमखास सापडतं आणि त्याला कारण आहे. घरगुती मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो, त्या लाटेची लांबी साधारण 12 सेंटिमीटर, आणि ह्या लाटा आतल्या पत्र्यावर आपटून परत येतात तेव्हा काही जागी त्यांचा जोर वाढतो आणि काही जागी एकमेकींना मारून टाकतात. जोराच्या दोन जागांमधलं अंतर ढोबळमानाने 6 सेंटिमीटर. त्यामुळेच कालचा भात एका कडेला चटका बसेल इतका गरम आणि मध्ये फ्रिजमधल्यासारखा गार, त्यामुळेच आतली काचेची तबकडी फिरते आणि त्यामुळेच मध्येच बाहेर काढून ढवळा असं लिहिलेलं असतं. “इट हीट्स अनईव्हनली, सो स्टर इट हाफवे”, हे वाक्य परदेशात रूममेटबरोबर राहणाऱ्यांनी तोंडपाठ करायला हरकत नाही.

गॅरेजमध्ये आपण म्हणतो टायर खातोय. हे असंच्या असं इंग्लिशमध्ये नेलं की काय अनर्थ होतो ते सांगायला नको. तिथे “अनईव्हन टायर वेअर” म्हणतात आणि नुसतं तेवढं म्हणून थांबायचं नाही, कुठे झिजलाय ते पण सांगायचं, कारण मेकॅनिकला अर्धं निदान तिथेच मिळतं. टायर मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरली जातेय. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत, तर हवा कमी. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्लेली असेल तर बहुतेक वेळा अलाइनमेंट. म्हणजे “द फ्रंट लेफ्ट टायर इज वेअरिंग अनईव्हनली, ओन्ली ऑन द इनर एज” एवढं फोनवर सांगता आलं तर समोरचा तुम्हाला जाणकार समजूनच बोलायला लागतो. चारही टायर सगळीकडून सारखेच गुळगुळीत झाले असतील तर ते अनईव्हन नाही हो, ते नुसते संपलेत. वॉर्न आउट.

क्रिकेट बघणाऱ्यांना हा शब्द वेगळा शिकवायलाच नको, अनईव्हन बाउन्स लहानपणापासून कानात आहे. पण तिथेही लोक जास्त उसळीला अनईव्हन म्हणतात ते चूक. पर्थच्या जुन्या वाका ग्राउंडवर बॉल भसाभस उसळायचा पण रोजचाच, दर बॉलला तसाच, बॅट्समनला एकदा अंदाज आला की तो मजेत कट मारायचा, त्या बाउन्सला ट्रू म्हणतात. अनईव्हन कधी, तर एकाच टप्प्यावरून एक बॉल घोट्यापाशी सरपटतो आणि पुढचा छातीवर येतो. आपली चाचणी लावा, सारखं काय असायला हवं होतं? एकाच टप्प्यावरच्या दोन बॉलची उंची. जानेवारी 2018 मध्ये जोहान्सबर्गच्या वाँडरर्सवर हे झालं होतं, तिसऱ्या दिवशी बुमराहचा बॉल दक्षिण आफ्रिकेच्या डीन एल्गरच्या हेल्मेटवर आदळला आणि खेळच थांबवला गेला, दुसऱ्या दिवशी मॅच पुढे चालू झाली आणि आपण 63 रनांनी जिंकलो, नंतर आयसीसीने त्या पिचला पुअर ठरवून 3 डीमेरिट पॉइंट दिले. पाचव्या दिवसाच्या पिचवर भेगा रुंदावून थोडाफार अनईव्हन बाउन्स येणारच, त्याला कोणी नावं ठेवत नाही, आयसीसीचे नियम पण चिडतात ते त्याचा अतिरेक झाला की.

खेळांचाच विषय निघालाय तर जिम्नॅस्टिक्समधले अनईव्हन बार्स. बायकांच्या स्पर्धेतले हे दोन दांडे एक 170 सेंटिमीटरवर आणि दुसरा 250 वर, मुद्दामच वेगळ्या उंचीवर बसवलेले. मग इथे आपली चाचणी फसली का? नाही, कारण पुरुषांच्या पॅरलल बार्सचे दोन दांडे एकाच उंचीवर असतात आणि हे नाव त्या तुलनेतून आलंय. ब्रिटनमध्ये ह्यांनाच असिमेट्रिक बार्स म्हणतात, दोन्ही बरोबर.

आता मराठीमुळे होणारी खास गडबड, कारण आपला विषम हा शब्द फार मोठ्या पोटाचा आहे. विषम संख्या पण त्यात, विषम परिस्थिती पण त्यात, विषमता पण त्यात. त्यामुळे डोक्यात विषम आलं की तोंडात अनईव्हन येतं. 7, 9, 11 ह्या ऑड संख्या. जुन्या पुस्तकांत क्वचित अनईव्हन नंबर्स दिसेल, पण आज तसं कोणी बोलत नाही, दिल्लीत जानेवारी 2016 ला गाड्यांसाठी सम-विषमचा नियम आला तोही ऑड-ईव्हन म्हणूनच देशभर गाजला. आणि सामाजिक विषमता असेल, बाई आणि पुरुषाला एकाच कामाचे वेगळे पैसे असतील, तिथे अनइक्वल, नाम हवं असेल तर इनइक्वॅलिटी. अनईव्हन पे म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं पगार एका महिन्यात जास्त एका महिन्यात कमी येतोय, म्हणजे अन्याय होतोय हा मुद्दाच गळून पडतो. हक्काची गोष्ट असेल तर अनइक्वल, पसरण्या-वाटण्याची गोष्ट असेल तर अनईव्हन, असं ढोबळ धरून चला. विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाबद्दल इंग्लिशमध्ये लिहायचं असेल तर सरकारी भाषेत रीजनल इम्बॅलन्स, वि. म. दांडेकरांच्या समितीच्या 1984 च्या अहवालाच्या नावातच ते आहे, आणि लेखात विशेषण म्हणून अनईव्हन डेव्हलपमेंट. दोन्ही चालतात. मला विचाराल तर अनईव्हन इथे जरा मिळमिळीत वाटतो, जसं काही विकास आपोआपच इकडे कमी तिकडे जास्त सांडला, कोणी ठरवून वाटला नव्हता.

आणखी एक सापळा म्हणजे नॉट ईव्हन. “द सरफेस इज नॉट ईव्हन” इथवर ठीक आहे, सपाट नाही हाच अर्थ. पण “नॉट ईव्हन द सरफेस” म्हटलंत की अर्थ झाला सरफेससुद्धा नाही. घाईत टाइप करताना ह्यात गल्लत होते, म्हणून एका शब्दात अनईव्हन लिहून टाकलेलं बरं. उच्चारात जोर मधल्या ई वर आणि ती दीर्घ, अन-ई-व्हन, अनिव्हन नाही. कमी-जास्त दाखवायला स्लाइटली अनईव्हन, अ बिट अनईव्हन, व्हेरी अनईव्हन, यापुढे जायचं असेल तर वाइल्डली अनईव्हन असं पण म्हणतात. नाम अनईव्हननेस, पण ते जिभेला आणि कानाला दोन्हीला जड, फार वापरू नका.

राहिला तो वापर ज्यात हा शब्द गोड बोलून मारतो. सिनेमाच्या रिव्ह्यूमध्ये “अनईव्हन बट वॉचेबल” असं लिहिलं असेल तर समजून जा की दोनचार सीन जमलेत, बाकी वेळ लोकांनी पॉपकॉर्न संपवलाय. तसंच ऑफिसच्या अप्रेझलमध्ये “युअर परफॉर्मन्स हॅज बीन अनईव्हन” आलं तर त्याचा अर्थ तुम्ही वाईट काम केलंत असा सरळ होत नाही, कधी चांगलं कधी वाईट असा होतो, पण वाढ कापायला तेवढं कारण पुरतं. त्यावर “नो, माय परफॉर्मन्स इज गुड” असं उत्तर देऊन काही उपयोग नाही, चांगलं नाही असं मॅनेजरने म्हटलेलंच नाहीये. पुन्हा तीच चाचणी, सारखं काय असायला हवं होतं? तेच मॅनेजरला विचारा, अनईव्हन कुठल्या क्वार्टरमध्ये वाटलं, कुठल्या क्लायंटच्या कामात, डेडलाइनमध्ये का क्वालिटीमध्ये. “कुड यू टेल मी व्हेअर इट वॉज अनईव्हन” असा एका ओळीचा मेल टाका, आणि उत्तर तोंडी नको, मेलवरच मागा.